गुणाचा नारळ

सीटी स्कॅन नॉर्मल आला त्या दिवशी आईने शिरा केला. पप्पांनी रिपोर्टचं मोठं पाकीट कपाटावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "चला, डोक्यात काही नाही हे आता कागदावर आलं." आई हसली. मीही हसले असेन, कारण दोघंही माझ्याकडे बघत होते. शिऱ्याचा वास मला सहन होत नव्हता, पण तेवढ्यासाठी काही बोलावं असं वाटलं नाही.

मी पडले ती पूर्णेहून चुडाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथल्या एका वस्तीने आपला आपणच गतिरोधक करून घेतला होता. खाली मुरूम, वर सिमेंट. पांढरे पट्टे नव्हते. मी मामाकडे डबा द्यायला निघाले होते, हेल्मेट घरी खुंटीला होतं. स्कूटी उडाल्याचं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम माणसांचे पाय, आणि कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारत म्हणत होतं, "रेल्वेतल्या साहेबाची पोरगी हाय." पप्पा साहेब नाहीत, सिग्नलच्या खात्यात टेक्निशियन आहेत. हे सांगायला हवं, असा विचार मी तिथे पडल्या पडल्या केला होता.

नांदेडच्या दवाखान्यात एक रात्र ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय, आराम करा, काही आठवड्यांत जाईल. जाताना एक छापील कागद दिला. पुन्हा उलट्या झाल्या, फार झोप यायला लागली, बोलणं अडखळलं तर ताबडतोब या, असं त्यावर होतं. त्यातलं काही झालं नाही. पण जे व्हायला लागलं ते त्या कागदावर नव्हतं.

ट्यूबलाइट लावली की कपाळाच्या आत कुणीतरी चिमटा घट्ट करत न्यायचं. आमचं क्वार्टर रुळांपासून लांब नाही. शंटिंगचे धक्के लहानपणापासून ऐकत आले, कधी त्यांच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. आता डबे एकमेकांना भिडले की ते दातांत कळायचं. पुस्तकातली ओळ वाचताना खालची ओळ वर सरकायची. कुणी मोठं वाक्य बोललं तर शेवटचा शब्द येईपर्यंत पहिला हरवलेला असायचा. आणि या सगळ्याचं वाईटही वाटत नव्हतं. आई रडायची तेव्हा मी तिच्या साडीच्या काठावरची वीण बघत बसायचे. जाड काचेच्या पलीकडून बघितल्यासारखं. मामी भेटायला आली आणि "किती शांत झालीय पोरगी" म्हणाली. मी मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे फरक कुणाला फारसा कळला नसावा.

मी पूर्णेतल्या एका इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवायचे. स्वतः इंग्रजी शाळेतच शिकले, आणि तिथे मागच्या बाकावर बसून तोंड न उघडता सगळी वर्षं काढली. दुकानात सुटे मागायलाही मला धीर गोळा करावा लागतो. फक्त त्या तिसरीच्या वर्गात शिरले की माझा आवाज निघायचा. कसा, ते मलाही माहीत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलांसमोर मी नक्कल करायचे, हसायचे, फळ्यावर चुकीचं चित्र काढून त्यांच्याकडून ओरडा खायचे. माझ्या आयुष्यात मी मोकळेपणाने बोलायचे अशी ती एकच खोली होती.

प्राचार्य मॅडमनी बदली शिक्षिका घेतली होती. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीआधी नक्की कळवा. सुट्टीनंतर वर्ग घेणार असाल तर जागा तुमचीच. नाहीतर नव्या मॅडमना कायम करावं लागेल, पालक विचारतात. त्या वाईट बोलल्या नाहीत. मला एवढंच समजलं की दिवाळीपर्यंत हे डोकं बरं व्हायला हवं, नाहीतर ती खोली गेली.

नेमकं काय होतंय ते घरात सांगणं अवघड होतं. मोबाइलवर, पडद्याचा उजेड अगदी कमी करून, मी इंग्रजीत शोधायचे. तिथे माझ्या त्रासाला शब्द होते. ते मराठीत आईला सांगायला गेले की नुसतं "डोकं जड आहे" एवढंच उरायचं, आणि आई ते पुढे ज्याला त्याला "चक्कर येती तिला" असं सांगायची. मग लिंबू-सरबत यायचं. परदेशातली माणसं लिहायची की त्यांना ॲक्युपंक्चरने बरं वाटलं, कुणाला योगाने, कुणी डोक्याच्या हाडांना अलगद हात लावून काही करतात त्याने. काहींनी शेवटी हे सगळं सोडून दिलं होतं. मी तीन-चार ओळी वाचायचे, डोळे मिटायचे, पुन्हा तीन-चार ओळी. त्यातलं एकही पूर्णेत मिळत नव्हतं. पूर्णेत जे मिळत होतं ते आपणहून घरी येत होतं.

पहिल्यांदा आईने टाळूवर तेल घालायला सुरुवात केली, तान्ह्या बाळाच्या टाळूवर घालतात तसं. मग रेल्वे वसाहतीच्या पलीकडे राहणारी एक बाई शेळीचं दूध आणून द्यायला लागली. ते दूध तळपायांना लावून आई काशाच्या वाटीने घासायची, तळवे काळे होईपर्यंत. "उष्णता उतरायलीय बघ," ती म्हणायची. मला तळव्यांवर वाटी फिरतेय एवढंच कळायचं. शेळीवाली दारात उभी राहून बघायची. माझ्याच वयाची होती. ऊसतोडीच्या हंगामात नवऱ्याबरोबर जायची, बाकीचे महिने शेळ्या आणि मिळेल ते काम.

"गुण हाय का ताई?" ती रोज विचारायची.

"हाय, हाय," आई उत्तर द्यायची.

हे 'गुण हाय' प्रकरण मला तेव्हा नीट समजलं. होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. साबुदाण्यासारख्या गोळ्या संपल्या तेव्हा त्यांनी विचारलं, काही फरक? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लय फरक हाय." बाहेर आल्यावर मी म्हटलं, फरक कुठे आहे. आईने इकडेतिकडे बघितलं, जसं मी रस्त्यात काही वावगं बोलले.

"देणाऱ्याच्या तोंडावर न्हाई म्हणायचं नसतं माय. न्हाई म्हणलं की औषध लागूच पडत न्हाई."

"पण मग त्यांना कळणार कसं?"

"त्यांना कशाला कळाया पाहिजे? तुला बरं वाटल्याशी कारण."

आमच्याकडे सगळेच असं करतात. औषध देणारा विचारतो ते खरं उत्तर हवं म्हणून नाही, मान म्हणून. त्याला हो म्हणायचं. नांदेडच्या डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायला गेलो तेव्हाही आई खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "आता चांगली हाय साहेब." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या मेंदूच्या प्लॅस्टिकच्या नमुन्याकडे बघत होते, त्याचा एक तुकडा निखळून बाजूला पडला होता. ते म्हणाले, छान, मग आता यायची गरज नाही.

परभणीच्या आयुर्वेदिक दवाखान्यात नाकात तेलाचे थेंब सोडायचे आणि कपाळावर तेलाची धार धरायची. धारेखाली झोपले तेव्हा पहिल्यांदा काही वेळ चिमटा सैल झाला. घरी परत येताना एसटीच्या हॉर्नने तो परत बसला. प्रत्येकाचं पथ्य वेगळं होतं. होमिओपॅथीला कांदा, लसूण, कॉफी बंद. आयुर्वेदाला दही आणि वांगं बंद. आईने स्वतःहून आंबट बंद केलं. उरलं होतं ते मुगाचं वरण आणि दोडका. पप्पा माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "हिचं डोकं राहू द्या, आता ही उपाशी चक्कर येऊन पडेल." तेही सगळ्यांबरोबर दोडका खात होते, म्हणून बोलले असावेत.

मग आत्या आली. पप्पांची थोरली बहीण, गंगाखेडला असते. आवाज मोठा आणि मनाने चांगली, आणि या दोन्हींचा मला सारखाच त्रास होत होता.

"मोबाइल बघून बघून मेंदू पातळ झालाय तिचा," ती आल्या आल्या म्हणाली. "वैनी, तुमी दवाखाने लय केले. हलल्यालं डोकं दवाखान्यात बसत नसतंय. ते बसवावं लागतं."

गंगाखेडच्या पुढे, गोदावरीच्या काठच्या एका गावात, डोकं बसवणारे एक गृहस्थ होते. लोक त्यांना मामा म्हणायचे. आम्ही रेल्वेने गंगाखेडला गेलो आणि तिथून रिक्षाने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, तोडीला आलेला. पत्र्याच्या पडवीत माणसं बसली होती, बाहेर कडुलिंबाखाली नारळाच्या शेंड्यांचा ढीग. आत्याने मला त्याचा अर्थ सांगितला. मामा काही घेत नाहीत. ज्याला गुण आला त्याने नारळ घेऊन यायचं, लिंबाखाली सगळ्यांच्या देखत फोडायचा आणि काय होत होतं ते सांगून, 'गेलं' म्हणायचं. त्याला गुणाचा नारळ म्हणतात. गुण आला नाही तर यायचंच नाही. त्यामुळे त्या झाडाखाली बरी न झालेली माणसं कुणी बघितलेलीच नव्हती.

मामा पांढऱ्या बंडीतले, साठीचे. नाकावर चष्मा. त्यांनी नवा दोरा काढला, माझ्या दोन भुवयांच्या मधून उजव्या कानावरून मानेपर्यंत मोजला, मग डाव्या बाजूने. दोन्ही मापं आत्याला दाखवली.

"करंगळीभर फरक हाय. काय करती पोरगी?"

"इंग्रजी शाळेत मॅडम हाय," आत्या म्हणाली.

"मग हलणारच. पोरं वरडत असतील दिवसभर." पडवीतली माणसं हसली.

त्यांनी ओलं फडकं कपाळाभोवती पिळून बांधलं, टाळूवर पितळी वाटी ठेवली आणि लाकडी उलथन्याने वाटीवर ठोके दिले. पहिल्या ठोक्याला डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुसऱ्याला मला तो फडक्याचा दाब बरा वाटला. पुढचे ठोके मी मोजले नाहीत. मग त्यांनी हनुवटीखाली एक हात आणि मानेमागे एक हात घातला. "मान जरा मोकळी करू." मी मान अशी घट्ट धरली की त्यांचे हात थांबले. त्यांनी हात काढून घेतले.

"आता कसं वाटायलंय?"

"हलकं वाटायलंय म्हणती," आत्या म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली होती तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा गेलो. फडकं, वाटी, ठोके. ते झाल्यावर मी चपला शोधत होते आणि आत्याने पिशवीतून नारळ काढला.

"आत्या, अजून..." मी म्हटलं.

"आज न्हाई तर उद्या येणारच हाय की गुण. सणात मला परत यायला जमायचं न्हाई. आन् नारळ राहिला की मागं वढ लागती." तिने लिंबाखालच्या दगडावर नारळ आपटला. पाणी तिच्या पायांवर उडालं. मग पडवीकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "माझी भाची. गाडीवरून पडली, डोकं हललं होतं. उजेड सोसंना, वाचता येईना. मामांच्या हातानं सगळं गेलं. आता दिवाळी झाली की शाळेत जाती."

सगळे माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्या बाईने उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोच हात आपल्या शेजारी बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून फिरवला, माझा गुण तिला लागावा म्हणून. आत्याने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. खोबरं गोड होतं. ऊन पत्र्यावरून डोळ्यांत येत होतं आणि खालची माणसं पाण्यात असल्यासारखी हलत होती.

परतीच्या गाडीत आत्याने आमच्या घरी फोन केला, मग जाऊबाईंना, मग आणखी कुणाला. मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसले. पूर्णेला उतरलो तेव्हा मी बरी झाले होते. शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "बाई, नारळ फुटला म्हणे." त्यांची सून आमच्याच शाळेत बालवाडीला शिकवते. दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमचा फोन आईच्या मोबाइलवर आला. आई पोह्यांचा चिवडा परतत होती. खांद्याने फोन धरून म्हणाली, "हो हो, बरी हाय ती. सुट्टी झाली की येती." फोन ठेवून माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी हसत होती.

मला तिथेच काही बोलता आलं असतं. पण मी हिशेब वेगळाच करत होते. सगळे म्हणतात गुण आहे, मग कदाचित असेलही. वर्गात उभी राहिले की आवाज निघेल आणि त्याबरोबर बाकीचंही सुटेल. नाही म्हटलं तर मात्र खोली नक्की जाणार. मी खोलीत जाऊन इंग्रजीचं पाठ्यपुस्तक काढलं, आणि तिसऱ्या ओळीला पालथं ठेवलं.

धनतेरसच्या सकाळी शेळीवाली आली. आत्या भाऊबीजेपर्यंत आमच्याकडेच राहणार होती. शेजारच्या काकू आणि त्यांची सून आमच्या ओट्यावर बसून आईबरोबर करंज्या भरत होत्या. शेळीवालीने दुधाची बाटली आईच्या हातात दिली, पण ती गेली नाही. फाटकाला धरून माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, तुमाला गुण आला म्हणं त्या मामांचा."

"आला की," आत्या म्हणाली. "मी सोता नारळ फोडलाय."

"आमच्या मालकाला न्यावं म्हणते. परवा तोडीचं सामान भरताना ट्रॉलीवरून खाली आला. डोक्यावरच. तवा काय न्हाई झालं, उठून बसला. काल सांजच्यापासून वकायलाय. आन् झोपतच ऱ्हायलाय. उठवलं तर वळखतो, पुन्यांदा झोपतो. बोलणं बी जड यायलंय. टोळी उद्या-परवा निघंल. त्याच्या आत डोकं बसवून घ्यावं म्हणलं."

"आजच घेऊन जा," आत्या म्हणाली. "परभणीवरून गाडी मिळंल. माझं नाव सांगा."

ती आत्याकडे बघत नव्हती. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. कारण डोकं माझं होतं.

मला त्या वेळी काही फार वाटलं असं म्हणता येत नाही. नांदेडच्या छापील कागदावरच्या ओळी मला पाठ होत्या, एवढंच. उलट्या, झोप, अडखळणारं बोलणं. त्यातलं माझ्या बाबतीत काही झालं नव्हतं. याचं सगळं होत होतं.

"त्यांना मामांकडे नेऊ नका," मी म्हणाले. "आत्ता नांदेडला न्या. सरकारी दवाखान्यात. डोक्याचा फोटो काढायला सांगा."

"पर तुमाला तर गुण..."

"मला गुण आला नाही."

करंज्यांचे हात थांबले. काकूंच्या सुनेने मान वर केली. मला माहीत होतं ती कुणाकडे कामाला आहे ते. पुढचं वाक्य न बोलता निभलं असतं, पण शेळीवाली अजून फाटक धरून उभी होती, तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. म्हणून मी सगळं सांगितलं. की उजेड अजून सोसत नाही. तीन ओळींपुढे वाचता येत नाही. आत्ता तुम्ही सगळ्या बोलताय ते मला एकमेकांत मिसळून ऐकू येतंय. गोळ्यांनी नाही, तेलाने नाही, वाटीनेही नाही.

"नारळ फोडलाय गं मी," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान होता. "पंचवीस माणसांत."

"तुम्ही फोडलात आत्या. मी नव्हतं म्हटलं."

आत्याने पदर तोंडाला लावला. आई मला म्हणाली, "गप बस." मग शेळीवालीकडे वळून, त्याच दमात, "जा माय, थांबू नको. साहेबाला विचारते, नांदेडला जायला गाडी कोणती हाय आता." पप्पांनी स्टेशनवरून सांगितलं आणि ती पळत गेली. आदल्या दिवशीची रिकामी बाटली न घेताच.

तिच्या नवऱ्याच्या डोक्यात थोडं रक्त साकळलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, पण दवाखान्यात ठेवून घेतलं. टोळी त्यांच्याशिवाय निघून गेली. घरी सोडल्यावर तिने त्याला मामांकडेही नेलं आणि नारळ फोडला. हे मला काकूंनी सांगितलं, जरा खोचक आवाजात. मला त्याचं काही वाटलं नाही. माणूस चालत होता, शेळ्या सोडत होता. गुण कुणाच्या नावावर लिहिला ते त्यांचं त्यांनी बघायचं.

प्राचार्य मॅडमचा फोन धनतेरसच्याच दुपारी आला, मी वाटच बघत होते. आईने उचलला. "न्हाई हो, बरी हाय ती, पोरगी जरा घाबरलीय..." मी हात पुढे केला. आईने फोन छातीशी धरला. तिच्या डोळ्यांत मी बघू शकले नाही, म्हणून तिच्या बांगड्यांकडे बघत हात तसाच धरून ठेवला. शेवटी तिने दिला.

"मॅडम, बरं नाहीये अजून," मी म्हणाले. "सुट्टीनंतर वर्ग घेता येणार नाही."

"मग कधीपर्यंत?"

"माहीत नाही."

मागे त्यांच्याकडे मिक्सर चालला होता. मग म्हणाल्या, "ठीक आहे. स्पष्ट बोललात ते बरं झालं. मी नव्या मॅडमना सांगते." मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

त्या दिवाळीत आत्या माझ्याशी बोलली नाही. भाऊबीजेला पप्पांना ओवाळून दुपारच्या गाडीने गेली. दारातून निघताना फक्त म्हणाली, "वांगं खा आता. कुणाचंच पथ्य न्हाई राहिलं."

नांदेडच्या डॉक्टरांकडे मी परत गेले, आणि या वेळी आत एकटी गेले. आई बाहेर बाकावर बसली, तिला ते आवडलं नाही. मी निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत सांगितलं. मध्ये थांबावं लागलं. ते म्हणाले, "हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" त्याचं उत्तर लांबलचक होतं, म्हणून मी दिलं नाही. काही जणांना फार महिने लागतात, त्यांनी सांगितलं. अंगठा समोर धरून डोळे त्याच्यावर ठेवायचे आणि मान हळूहळू फिरवायची. रोज थोडं चालायचं. वाचायचं, पण त्रास सुरू व्हायच्या आधी थांबायचं. तेलाची धार बरी वाटत असेल तर घ्या, म्हणाले. तळपायाला वाटी चालेल. मान मात्र कुणाला पिळू देऊ नका. बरी व्हाल असं त्यांनी सांगितलं, पण कधी ते नाही. मी विचारलंही नाही.

शाळा सुरू झाली. सकाळी व्हॅन वसाहतीतून जाते तेव्हा मी आतल्या खोलीत असते. एक दिवस नव्या मॅडमचा मेसेज आला. माझा नंबर त्यांना ऑफिसातून मिळाला असावा. तिसरीचा वर्ग शांतच होत नाही, त्यांनी लिहिलं होतं, मी ओरडून ओरडून थकले, तुम्ही काय करत होता?

मी उत्तर टाइप करायला घेतलं, पण अक्षरं सरकायला लागली. मग मी माइकचं बटण दाबून धरलं आणि बोलले. म्हटलं, ओरडू नका. ती मुलं ओरडण्यात तुम्हाला हरवतील. गोष्ट सांगायला घ्या आणि आवाज कमी कमी करत न्या. अगदी शेवटी नुसते ओठ हलवा. मागच्या बाकावरचे आधी गप्प होतात, कारण त्यांना ऐकू येत नाही. मग ते पुढच्यांना गप्प करतात. कसं ते असं, म्हणून मी एका कावळ्याची गोष्ट सुरू करून दाखवली, वर्गात सांगायचे तशी. कावळ्याचा आवाज काढला. मग हळू, आणखी हळू.

आई भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिने मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती काही विचारणार तेवढ्यात मी बटण सोडलं. मेसेज गेला, खाली निळ्या खुणा आल्या. मग मी खिडकीचा पडदा ओढला आणि आडवी झाले.